सातेरी की दयाळ

पेस्ट कंट्रोलवाला जेवणाच्या आधी येतो म्हणाला होता, आणि सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. सरस गरम करायला ठेवला नि विसरले, तो करपला. कात्री हातात धरून कात्री शोधली. काम सोडून पुन्हा पुन्हा मागच्या दारात जाऊन उभी राहायचे आणि आल्यापावली परत यायचे.

"वारं शिरलंय का अंगात?" आमचे हे आतून म्हणाले. "बस की जरा."

"बसते. माश्या मारून झाल्या की बसते निवांत," मी म्हटलं.

भांडण कशावरून ते सांगते. आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला, वळचणीखाली एक लाकडी पेटी ठोकलेली आहे. ती ह्यांनी केली, मोडीत निघालेल्या पियानोच्या झाकणाची, दयाळासाठी. काळा-पांढरा, शेपटी वर करून मिजाशीत बसणारा पक्षी. दरवर्षी त्याची बायको त्या पेटीत घर मांडते आणि हा समोरच्या दिव्याच्या खांबावर बसून गातो. ह्यांचा जीव त्या गाण्यात. पण ह्या वर्षी दयाळ यायच्या आधी पेटीत सातेरीचं मोहोळ येऊन बसलं. सातेरी म्हणजे रानातली लहानखुरी मधमाशी. तिला अंधारी पोकळी लागते, आणि पेटीचं भोक तिला आवडलं. झालं! ह्यांनी जाहीर केलं की माश्यांनी घर बळकावलं, दयाळ रुसून गेला, गाणं बंद पडलं. घरटं बांधायचे दिवस हातचे जायच्या आत पेटी रिकामी झाली पाहिजे. म्हणून आज माश्या मरणार होत्या.

आणि मला त्या हव्या होत्या. सरळ सांगते, त्यात लाजायचं काय? लेक लग्न होऊन गेली. हे दिवसभर लोकांच्या घरी. मी त्या भिंतीला पाठ लावून काम करते, आणि भिंतीपलीकडे ती सगळी पोरं कामाला लागलेली असतात. त्यांची घूंऽऽ पाठीला लागते. बरं वाटतं.

आमचा धंदा पियानो दुरुस्तीचा. तारा ताणायच्या, सूर लावायचे, हे ह्यांचं काम. नमद्याचं काम माझं. पियानोची पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडी तारेवर पडते, आणि त्या हातोडीच्या तोंडाला लोकरीच्या नमद्याची टोपी असते. ती झिजली की सोलून काढायची, नवी चिकटवायची, कानशीने आकार द्यायचा. आवाज फार कडक येत असेल तर नमद्यात सुया टोचून तो मऊ करायचा. कान ह्यांचे, हात माझे, अशी लग्नापासूनची वाटणी. कुठला पक्षी ओरडला, कुठल्या गाडीचं इंजिन बिघडलंय, शेजारची सून रडतेय की हसतेय, हे सगळं ह्यांनी ऐकायचं आणि मला सांगायचं. मी त्यांना कानसेन म्हणते. त्यांना ते आवडतं, न आवडल्याचं दाखवतात.

हल्ली मात्र कानसेनांचं डोकं फिरलं होतं. शाळेच्या संगीताच्या बाई फोन करून म्हणाल्या, पियानो वरच्या बाजूला फार टोचतो हो, ऐकवत नाही. हे जाऊन बघून आले आणि खापर फोडलं माझ्यावर. "सूर बरोबर आहे. तुझा नमदा कडक झालाय. टोच." मी टोचला. "अजून टोच." अजून टोचला. पार चिंध्या व्हायची वेळ आली तरी त्या बाईंची तक्रार आपली तिथेच. इतकी वर्षं माझ्या नमद्याला कुणी नावं ठेवली नव्हती. मी आतल्या आत धुमसत होते.

चहा पुढ्यात ठेवून मी शेवटचा प्रयत्न केला.

"मोहोळ जिवंत हलवणारा माणूस मिळालाय. पुढच्या महिन्यात येतो म्हणतो."

"पुढच्या महिन्यात दयाळाची बायको काय वाट बघत बसणार आहे?"

"मग दुसरी पेटी लावा."

"त्याला हीच लागते." बशीत चहा ओतता ओतता ते थांबले. "अगं, तू कुणाची बरोबरी कुणाशी करतेयस? दयाळ म्हणजे एकेक गवई. मागच्या वर्षीचा वेगळा, त्याच्या आधीचा वेगळा. आवाज ऐकून ओळखतो मी. तुझ्या माश्यांत ही कुठली आणि ती कुठली, सांग बरं?"

"त्यांना सांगायची हौसच नाही. कामं पडलीत."

"कामं! दिसेल त्याला चावतात."

"छेडलं तर. तुम्हाला सकाळी उठवलं तर तुम्ही काय करता?"

ह्यांना हसू आलं, पण दाबलं. मी सोडते होय? "आणि तुमचा दयाळ गातो म्हणजे काय करतो, ठाऊक आहे ना? हा खांब माझा, ही भिंत माझी, दुसरा कुणी फिरकला तर याद राखा. भांडण आहे ते, सुरात केलेलं. गवत वाहते कोण? बायको. आणि स्वारी खांबावर. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं मला हे."

"मी गवत वाहायला तयार आहे, तू गा," हे म्हणाले.

"माझ्या माश्या एका मोहोळात हजारांनी राहतात, अंधारात, आणि कुणी कुणाला आवाज करू नको म्हणत नाही."

"म्हणूनच तो आवाज आहे, गाणं नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. आवाज एकदम मऊ झाला. "मला तो हवाय गं. सकाळी जाग येते आणि बाहेर नुसतं सुनं सुनं असतं. मला करमत नाही."

दोन जिवांत कोण मोठा, हे भांडता येतं. करमत नाही, ह्याच्याशी कसं भांडायचं? मी कपबशी उचलली आणि इतक्या जोरात विसळली की कपाचा कान तुटला.

मग उगाचच धुतलेली फडकी घेऊन मागच्या अंगणात गेले. पेटीच्या भोकाशी सातेरींची ये-जा चालली होती. येणाऱ्या जड, पायांना पिवळी पूड लागलेली, जाणाऱ्या हलक्या. ज्याचं मरण ठरलंय त्याला काही कळत नाही, ही बरी गोष्ट म्हणायची. वर कुठेतरी एक पक्षी गात होता. रोजच गायचा. छान गायचा. पण दयाळ गेला असं हे म्हणाले होते, म्हणजे तो गेला. मग हा दुसरा कुणीतरी असणार. मी वर बघितलंही नव्हतं कधी.

एवढ्यात हे शिडी घेऊन बाहेर आले, ती भिंतीला टेकवली, आणि पाठ सरळ करताना त्यांची नजर खांबावर गेली.

"अगं!" त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, बघ, बघ! आला!"

मी बघितलं. काळा-पांढरा, शेपटी वर. दयाळच. ह्यांना एवढ्या लांबचं बारीक दिसत नाही, पण मला दिसत होतं: चोच उघडी, गळा नुसता थरथरत होता, आणि माझ्या कानावर रोज पडणारं ते सगळं गाणं त्या एवढ्याशा गळ्यातून बाहेर पडत होतं.

"आलाय," हे हळूच म्हणाले, "पण बघ कसा बसलाय. मुका. घर गेलं की गाणं कुठलं सुचणार?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे भरले होते.

"ऐकलंस? एक अक्षर नाही," ते म्हणाले.

दयाळाने लांब एक तान घेतली, वर नेली, वर नेऊन सोडून दिली.

"हं," मी म्हटलं.

हे शिडीचा पाय नीट बसवायला वाकले आणि मी फडकी तशीच टाकून आत आले. कामाच्या बाकाशी उभी राहिले. आठवत गेलं तसतसं एकेक जागेवर बसत गेलं. किटली शिट्टी मारून घर डोक्यावर घेत होती आणि हे म्हणाले होते, किटली बिघडली, वाजत नाही. मी हसले होते. नातवाचा फोनवरचा चिरका आवाज ऐकून म्हणायचे, हल्ली पोरगा पुटपुटतो फार. आणि शाळेच्या बाई! वरच्या पट्ट्या टोचतात म्हणजे टोचणारच, त्या बेसुऱ्या होत्या. त्या ह्यांना ऐकूच येत नव्हत्या.

खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. इतका नमदा टोचायला लावला! माझ्या चांगल्या हातोड्यांची वाट लावली! मग तो राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. उद्या ह्यांना मोठ्या सभागृहाचा पियानो लावायला जायचं होतं. परवा तिथे कार्यक्रम, गच्च भरलेलं सभागृह. तिथे वरच्या पट्ट्या तशाच वाजल्या तर? लोक शाळेच्या बाईंसारखे फोन करून हळूच नाही सांगणार.

मी खोलीत फेऱ्या मारायला लागले. खिडकी, बाक, खिडकी. सांगावं तर माश्या वाचतात. माश्यांनी काही केलेलंच नाही, दयाळ गातोय, एवढं म्हटलं की झालं. पण एवढं म्हटलं की ह्यांचं काय उरतं? ज्या माणसाने जन्मभर फक्त ऐकण्याचं काम केलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुमचा कान गेला? पाठीमागे भिंतीतून ती घूं येत होती. मी हात जोडले नाहीत, पण मनात म्हटलं, बायांनो, माफ करा. मोहोळं जगात पुष्कळ आहेत. मला नवरा एकच आहे. उद्याचं उद्या बघू. सभागृहाला काहीतरी कारण सांगून दुसरा माणूस पाठवता येईल. आज गप्प बसायचं. माझं ठरलं.

तेवढ्यात पुढची घंटा वाजली. हे अंगणात होते. मीच दार उघडलं.

पेस्ट कंट्रोलवाला चांगला गुटगुटीत, हसरा माणूस होता. पाठीवर टाकी, गळ्यात मुखवटा. घरात शिरल्यापासून तोंडाला खळ नाही. "काकू, खिडक्या लावून घ्या, खायचं-प्यायचं झाका. पाच मिनिटांचं काम. आमच्या सासऱ्यांकडे आग्या मोहोळ होतं, त्याच्यापुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती." मी त्याला मागच्या दारी नेलं. आज मला त्याची एवढी चीड येत होती की बिचाऱ्याची टाकी ओढून फेकावीशी वाटली.

ह्यांनी पेटी दाखवली. त्याने खालून वाकून बघितलं, मान डोलावली, हातमोजे चढवायला लागला. आणि एक हातमोजा अर्धा चढवून थांबला.

"वा!" तो म्हणाला. "काय गातोय हो! आमच्याकडे नवीन इमारती झाल्यापासून ऐकायलाच मिळत नाही असलं काही."

"कोण गातोय?" ह्यांनी विचारलं.

"हा काय, खांबावर बसलाय तो."

हे हसले. समोरचा विनोद करतोय आणि आपण यजमान आहोत, म्हणून हसतात तसे. खांबाकडे बघितलं. पुन्हा त्या माणसाकडे बघितलं. तो मान वर करून खुळ्यासारखा ऐकत होता. त्याच्या बोटांनी टाकीच्या नळीवर ठेकासुद्धा धरला होता. ह्यांचं हसू तोंडावरच राहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

"गातोय का गं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही हो, काहीतरीच काय, गंमत करतोय तो. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी माझंच ऐकलं असतं, कारण त्यांना ते ऐकायचं होतं. पण लग्न झाल्यापासून ह्या माणसाने एखाद्या आवाजाबद्दल मला कधी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारत होते. त्याला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही.

"गातोय," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. आणि रोज. पहाटे, संध्याकाळी, रोज गातोय."

"मग बोलली का नाहीस?" ते ओरडलेच.

"मला कळलं तर पाहिजे!" मीही ओरडले. "तुम्ही म्हणालात दयाळ गेला. मला वाटलं, हा दुसरा कुणी. ह्या घरात माझ्या कानांवर कधी कुणी विश्वास ठेवलाय? मी तरी कुठे ठेवला?"

पेस्ट कंट्रोलवाला आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. "मी काही चुकीचं बोललो का काकू?" तो म्हणाला. "मी नंतर येऊ का?"

"नको," हे म्हणाले. "येऊ नकोस. माश्यांचा काही दोष नाही." आणि आत निघून गेले.

मी त्या माणसाला दारापर्यंत पोचवलं. जाता जाता तो काहीतरी समजूत घालत होता, त्याच्या आईलाही असंच झालं होतं, हल्ली चांगली यंत्रं मिळतात. मी हो हो म्हटलं. परत आले तर कारखान्यातून टक टक आवाज येत होता. हे दुरुस्तीला आलेल्या पियानोपुढे उभे होते आणि सगळ्यात वरची पट्टी एका बोटाने मारत होते. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची. दर पट्टीला मान तिरकी करून थांबायचे. अशा बऱ्याच पट्ट्या झाल्या. मग एका पट्टीवर त्यांचा चेहरा बदलला.

"इथून ऐकू येतं," ते म्हणाले. "ह्याच्या वर नुसतं लाकूड. मला वाटायचं, तार बारीक आहे, आवाज बारीक येतो. हाताच्या सवयीने लावत होतो."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"म्हणजे तुझा नमदा बरोबर होता."

"होता."

"आणि मी तुला टोचायला लावला."

"राहू द्या हो. नवा लावू."

त्यांनी पियानोचं झाकण मिटलं. फोन मागितला. मी म्हटलं, मी बोलते सभागृहाशी, अंगात ताप आहे म्हणून सांगते. त्यांनी मान हलवली आणि फोन स्वतः लावला. "उद्या दुसरा माणूस बोलवा," ते म्हणाले. "नाही, तब्येत ठीक आहे. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत." पलीकडचा बराच वेळ काहीतरी बोलला. हे नुसतं हं, हं म्हणत राहिले. मग फोन माझ्या हातात दिला.

मग ते पुन्हा अंगणात गेले. मी मागोमाग. ते शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले आणि पेटीच्या बाजूच्या फळीला कान लावला. मी म्हटलं, अहो, चावतील! पण सातेरी आपल्या वाटेने जात-येत राहिल्या. एकदोघी त्यांच्या पांढऱ्या केसांवर बसून उठून गेल्या.

"ह्या ऐकू येतात," ते म्हणाले. "चांगल्या ऐकू येतात."

बराच वेळ तसेच उभे राहिले. खांबावर दयाळ आपला गातच होता; त्याला आमच्याशी काय कर्तव्य! मग ते खाली उतरले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "कसा गातोय ते सांग ना."

"आता गाणं कसं सांगू?"

"शीळ घालून दाखव."

"इश्श! मला कुठे येते?" येत होती. लहानपणी यायची, आणि पोरीच्या जातीने शीळ घालू नये म्हणून आईने अशी चापट दिली होती की पुन्हा घातली नाही. लग्नानंतर तर प्रश्नच नव्हता. कानसेनाच्या घरात तोंड कोण उघडणार?

"जशी येईल तशी घाल," ते म्हणाले.

मी इकडेतिकडे बघितलं. ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. मग आली. दयाळ जरा थांबला की मी त्याचं म्हणायचे, तो म्हणायला लागला की मी ऐकायचे.

"खाली घे. लागत नाही," ते म्हणाले.

मी खाली घेतली.

"अजून खाली."

अजून खाली घेतली, जाड, फाटकी, भांड्यातून वारं गेल्यासारखी. त्यांनी डोळे मिटले. "हां. आलं. आता आलं." मी घालत राहिले. गालांवरून पाणी येत होतं आणि ओठ निसटत होते, तरी घालत राहिले. "इथे तो असाच खाली राहतो?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. इथे वर जातो. खूप वर."

"मग वर जा ना."

"वर गेले तर तुम्हाला ऐकू यायचं नाही."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"जा तू," ते म्हणाले. "मी बघतो. खाली आलीस की ऐकतो."

मी वर गेले.